एअर शोचे फोटो काढायला किती मोठी लेन्स लागते? खरेदीआधी समजून घ्या साधा हिशोब

हवाई दलाची 'सूर्यकिरण' टीम आकाशात धुराने बदामाचा आकार काढते, तेव्हा खाली हजारो मोबाइल वर झालेले असतात. घरी येऊन गॅलरी उघडली, की निळ्या आकाशात चार-पाच काळे ठिपके दिसतात. डोळ्यांना विमानाचे रंग आणि पंखांचा आकारही दिसला होता, मग फोटोत ते कुठे गेलं?

पुढच्या एअर शोच्या आधी अनेक जण टेलिफोटो लेन्स शोधू लागतात. तिथे गोंधळ सुरू होतो. कुणी ३०० एमएम पुरेशी आहे म्हणतं, कुणी ६०० एमएमशिवाय जाऊच नका म्हणतं. अशा लेन्सची किंमत अनेकदा कॅमेऱ्यापेक्षाही जास्त असते, त्यामुळे निवड चुकली तर मोठी रक्कम अडकून पडते.

थोडक्यात उत्तर असं आहे: बहुतेकांना १००-४०० एमएमच्या आसपासची झूम लेन्स पुरते. दूरच्या एकेकट्या विमानाचे जवळून फोटो हवे असतील तर ६०० एमएमपर्यंत जाणारी झूम उपयोगी पडते. पण 'जितकी मोठी तितकी चांगली' हा नियम इथे चालत नाही. तो का चालत नाही, हे एका साध्या गणितातून कळतं.

मोबाइलमध्ये विमान ठिपक्याएवढं का येतं?

सूर्यकिरण टीम 'हॉक' जातीची प्रशिक्षण विमानं वापरते. हॉकची लांबी साधारण १२ मीटर, म्हणजे एसटी बसपेक्षा थोडीच जास्त. असं विमान अर्धा किलोमीटर अंतरावरून बाजूने जात असेल, तर मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात ते फोटोच्या रुंदीच्या जेमतेम दीड टक्का जागा घेतं. हा कॅमेरा साधारण २४ एमएम लेन्सइतकं दृश्य टिपतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे अख्खं विमान ६४ पिक्सेलमध्ये येतं. त्यात पंख, शेपटी आणि वैमानिकाची काच कशी दिसणार?

ज्या मोबाइलमध्ये ५ पट ऑप्टिकल झूम असतो, त्यात हाच आकडा ८ टक्क्यांपर्यंत जातो. त्यापुढे बोटांनी केलेला डिजिटल झूम फक्त आहे ते चित्र ताणतो, नवा तपशील आणत नाही.

विमान इतकं लांब का असतं?

याचं कारण सुरक्षितता. २८ ऑगस्ट १९८८ रोजी तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, रामस्टाइन इथल्या अमेरिकी हवाई तळावर एअर शो सुरू होता. इटलीच्या 'फ्रेच्चे त्रिकोलोरी' या टीमची तीन विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यातलं एक प्रेक्षकांमध्ये कोसळलं. तिन्ही वैमानिकांसह ७० जणांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर प्रेक्षक आणि कसरती यांच्यातल्या अंतराकडे अनेक देशांनी अधिक कडकपणे पाहायला सुरुवात केली.

अमेरिकेत आज वेगवान जेट विमानांच्या कसरतींसाठी प्रेक्षकांपासून १५०० फूट, म्हणजे साधारण ४५० मीटर अंतर राखावं लागतं. छोट्या, कमी वेगाच्या विमानांसाठी हे अंतर ५०० फुटांपर्यंत कमी असू शकतं. प्रत्येक देशाचे आणि प्रत्येक जागेचे नियम वेगळे असतात. पण लेन्सचा अंदाज बांधताना 'जेट विमान साधारण अर्धा किलोमीटरवर' हे गृहीत धरायला हरकत नाही.

हिशोब कसा करायचा?

सूत्र सोपं आहे. लेन्सची फोकल लेंथ गुणिले विमानाची लांबी, भागिले विमानाचं अंतर. येणारं उत्तर म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणाऱ्या विमानाच्या प्रतिमेची लांबी.

उदाहरणार्थ, लेन्स ४०० एमएम, हॉक १२ मीटर, अंतर ५०० मीटर. ४०० गुणिले १२ भागिले ५०० म्हणजे ९.६ मिलिमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून विमान फोटोची २७ टक्के रुंदी व्यापेल. एपीएस-सी, म्हणजे बोलीभाषेत 'क्रॉप सेन्सर' कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो. तिथे तेच विमान ४१ टक्के रुंदी व्यापेल.

अर्धा किलोमीटरवरून बाजूने जाणाऱ्या विमानासाठी हे आकडे असे येतात:

• ३०० एमएम: हॉक फुल फ्रेमवर २० टक्के, क्रॉप सेन्सरवर ३१ टक्के
• ४०० एमएम: हॉक फुल फ्रेमवर २७ टक्के, क्रॉप सेन्सरवर ४१ टक्के
• ६०० एमएम: हॉक फुल फ्रेमवर ४० टक्के, क्रॉप सेन्सरवर ६१ टक्के

आता हॉकच्या जागी सुखोई-३० ठेवा. त्याची लांबी साधारण २२ मीटर आहे. ४०० एमएमवर ते फुल फ्रेमची जवळपास निम्मी रुंदी आणि क्रॉप सेन्सरची ७५ टक्के रुंदी व्यापतं. ६०० एमएम लेन्स क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर लावली, तर सुखोई फ्रेममध्ये मावतच नाही. नाक तरी कापलं जातं किंवा शेपटी तरी. एखाद्या खरेदीदाराने केवळ मोठा आकडा बघून लेन्स घेतली, तर ही अडचण थेट मैदानावरच कळते.

सोशल मीडियासाठी किती मोठं विमान पुरतं?

२७ टक्के हा आकडा छोटा वाटतो, पण तो पुरेसा असू शकतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. त्याचे २७ टक्के म्हणजे १६०० पिक्सेल. इन्स्टाग्रामवरची पोस्ट साधारण १०८० पिक्सेल रुंदीची असते. म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा आणि ४०० एमएम लेन्स वापरून काढलेला हॉकचा फोटो कापून पोस्ट केला, तरी विमानाचा तपशील कमी पडत नाही. क्रॉप सेन्सरवर तर तेवढ्याच मेगापिक्सेलमध्ये विमानाला जवळपास २४५० पिक्सेल मिळतात.

भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढायची असेल, तर गणित बदलतं. ए-३ आकाराच्या चांगल्या प्रिंटसाठी लांब बाजूला साधारण ५००० पिक्सेल लागतात. तिथे जास्त फोकल लेंथचा खरा फायदा होतो. फोटो शेवटी कुठे दिसणार आहेत, हे म्हणूनच लेन्स घेण्याआधी ठरवायला हवं.

झूम घ्यावी की एकाच फोकल लेंथची लेन्स?

एअर शोमध्ये विमानाचं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. सूर्यकिरणची नऊ विमानं एकत्र येतात, तेव्हा त्या रचनेची रुंदी ५० मीटर धरू. अर्ध्या किलोमीटरवरून ती फुल फ्रेममध्ये बसवायला ३०० एमएम किंवा त्याहून कमी फोकल लेंथ लागते. क्रॉप सेन्सरवर २०० एमएम किंवा त्याहून कमी. मागे सुटणारा रंगीत धूर फोटोत घ्यायचा असेल, तर आणखी मागे यावं लागतं. पुढच्याच मिनिटाला दोन विमानं समोरासमोरून एकमेकांना छेदून जातात आणि तिथे ४०० एमएम हवी असते.

लेन्स बदलायला तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय मोकळ्या मैदानावर लेन्स काढली, की सेन्सरवर धूळ बसते आणि निळ्या आकाशावर तिचे डाग स्पष्ट दिसतात. म्हणून एअर शोसाठी झूम लेन्सच सोयीची. एकाच फोकल लेंथच्या ४०० किंवा ६०० एमएमच्या मोठ्या लेन्स उत्तम असतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते आणि रचना बदलली की त्या अडवतात.

लेन्सवरचा दुसरा आकडा तर पाहतोच, पण पहिला आकडाही पाहावा. २००-६०० एमएमची लेन्स क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर लावली, तर नऊ विमानांची रचना २०० वर कशीबशी मावते, धूर मावत नाही. अशा वेळी सोबत दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल ठेवावा लागतो. १०० पासून सुरू होणारी लेन्स इथे सरस ठरते.

एफ/२.८ लागतं का?

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रात्रीच्या मॅचला जास्त प्रकाश आत घेणारी, म्हणजे कमी एफ-नंबरची लेन्स लागते. एअर शो बहुधा भर उन्हात असतो. कडक उन्हासाठी छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: एफ/१६ ठेवलं तर शटर स्पीड आयएसओइतका. म्हणजे आयएसओ ४०० ला १/४००. त्यावरून एफ/८ वर १/१६०० आणि एफ/५.६ वर १/३२०० मिळतो. जेट विमान स्थिर टिपायला साधारण १/१००० ते १/२००० पुरतो. म्हणजे टोकाला एफ/८ होणारी हलकी, स्वस्त लेन्ससुद्धा उन्हात काम करते.

ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळताना मात्र अशा लेन्सवर आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात.

मग पैसे कशावर खर्च करावेत?

पहिली गोष्ट ऑटोफोकस. विमान सेकंदाला शंभर-दोनशे मीटर पुढे सरकतं. फोकसची मोटर संथ असेल, तर ६०० एमएमच्या लेन्सनेही अस्पष्टच फोटो येतात. 'फोकस लिमिटर'चं बटण असलेली लेन्स घेता आली तर बरं. त्यामुळे लेन्स जवळच्या अंतरावर फोकस शोधत बसत नाही. अलीकडच्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत विमान ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय आहे, तिचाही मोठा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप कमी करणारी यंत्रणा. विमानाबरोबर कॅमेरा फिरवताना ही यंत्रणा त्या फिरण्यालाच विरोध करू शकते. म्हणून कॅनन आणि सोनीच्या अनेक लेन्सवर 'मोड २' आणि निकॉनच्या लेन्सवर 'स्पोर्ट' असा पर्याय असतो. तो असेल तर विमानांसाठी तोच निवडावा.

तिसरी गोष्ट वजन. कॅननची आरएफ १००-४०० एमएम एफ/५.६-८ ही लेन्स ६३५ ग्रॅमची आहे. सिग्माची १५०-६०० एमएम 'कंटेम्पररी' लेन्स १.९ किलोच्या पुढे जाते, तर सोनीची २००-६०० एमएम लेन्स २.१ किलोची आहे. त्यात कॅमेऱ्याचं वजन मिळवा. उन्हात उभं राहून, मान वर करून, दोन-तीन तास हे सगळं हातात धरायचं असतं. विमान डोक्यावरून जातं, तेव्हा ट्रायपॉडचा फारसा उपयोग होत नाही आणि गर्दीत तो दुसऱ्यांनाही अडतो. तासाभराने हात थरथरू लागले, की जड लेन्सचा फायदा संपतो.

हेलिकॉप्टरला वेगळा नियम

हवाई दलाची 'सारंग' टीम मोर रंगवलेली 'ध्रुव' हेलिकॉप्टर उडवते. जेटसाठीचा शटर स्पीड इथे ठेवला, तर पाती जागच्या जागी गोठलेली दिसतात आणि हेलिकॉप्टर खेळण्यासारखं हवेत टांगल्यासारखं वाटतं. पाती मिनिटाला ३०० फेऱ्या घेतात असं धरलं, तर १/१००० सेकंदात ती दोन अंशही फिरत नाहीत. १/१२५ ला ती १४ अंश फिरतात आणि फोटोत गती दिसते. हवाई दलाच्या जुन्या 'डकोटा'सारख्या पंख्याच्या विमानांसाठीही शटर स्पीड असाच कमी ठेवावा लागतो.

इतक्या कमी वेगाला लांब लेन्स हातात स्थिर धरणं अवघड असतं. त्यामुळे इथे कमी फोकल लेंथ, चांगलं स्टॅबिलायझेशन आणि विमानाबरोबर एकसारखा कॅमेरा फिरवण्याचा सराव, या तीन गोष्टी महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाला येतात.

जी अडचण कुठलीच लेन्स सोडवत नाही

दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते. तसंच धावपट्टीवरही होतं. गरम हवेचे थर प्रकाशाला वाकवतात आणि पलीकडचं विमान पाण्याखाली असल्यासारखं डळमळीत दिसतं. लांब लेन्स विमानासोबत ही थरथरही मोठी करून दाखवते. लेन्स कितीही महाग असली तरी यात सुधारणा होत नाही.

बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर १९९६ पासून 'एअरो इंडिया' हे प्रदर्शन भरतं. ते साधारण दर दोन वर्षांनी होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही दोन्ही विमानं एकाच मैदानावर पाहायला मिळाली. अशा ठिकाणी धावपट्टीवरचे फोटो सकाळी लवकर आणि आकाशातले नंतर, असं नियोजन करणं फायद्याचं. विमान उंच गेलं की नजर तापलेल्या जमिनीवरून जात नाही आणि थरथर कमी होते.

सूर्य कुठे आहे हेही महत्त्वाचं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा एअर शो झाला. तिथे प्रेक्षकांचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतं. दुपार कलू लागली की सूर्य समोर येतो आणि विमानांच्या फक्त काळ्या आकृती उरतात. सूर्य पाठीशी किंवा बाजूला येईल अशी जागा मिळाली, तर साध्या लेन्सचे फोटोही उजळ येतात.

एक धोका लक्षात ठेवायला हवा. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, टेलिफोटो लेन्स लावलेली असताना, सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मिररलेस कॅमेराही सूर्यावर रोखून ठेवला तर सेन्सर खराब होऊ शकतो.

जुनी लेन्स घेताना काय तपासावं?

सेकंडहँड लेन्समुळे बराच पैसा वाचतो. पण मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत लेन्सच्या काचांमध्ये बुरशी धरते. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती लेन्स घेऊ नये.

लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करते का, हे स्वतः लावून पाहावं. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. स्वस्तात मिळणाऱ्या ५०० एमएम एफ/८ 'मिरर' लेन्सपासूनही सावध राहावं. त्यातल्या बहुतेकांना ऑटोफोकस नसतो आणि उडत्या विमानावर हाताने फोकस धरणं नवख्याला जवळपास अशक्य असतं.

टेलिकन्व्हर्टरचंही तसंच. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि २ पटीचा दोन स्टॉप प्रकाश खातो. एफ/६.३ च्या झूमवर २ पटीचा कन्व्हर्टर लावला, तर ती जवळपास एफ/१३ होते. अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस त्याआधीच हात टेकतो.

कुणी कोणती लेन्स घ्यावी?

• क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि मर्यादित बजेट: ७०-३०० एमएम. अनेकांकडे ती आधीच असते. सोशल मीडियासाठी पुरते.
• वर्षातून एखादा एअर शो, बाकी वेळ प्रवास आणि पक्षी: १००-४०० एमएम. हलकी आणि सर्वांत उपयोगी.
• फुल फ्रेम कॅमेरा, एकेकट्या विमानाचे जवळून फोटो किंवा मोठ्या प्रिंट: १५०-६०० किंवा २००-६०० एमएम.
• क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि ६०० एमएम: छोटी किंवा दूरची विमानं असतील तरच. मोठी विमानं मावणार नाहीत.

वर्षातून एकदाच लागणारी लेन्स विकत घेण्याची गरजही नसते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. त्यासाठी ओळखपत्र आणि बहुतेक वेळा अनामत रक्कम लागते. लेन्स शोच्या दोन दिवस आधी आणावी. हातात पहिल्यांदाच आलेल्या ६०० एमएममधून आकाशातलं विमान नुसतं शोधायलाच काही सेकंद जातात आणि तेवढ्यात ते निघून गेलेलं असतं.

सरावाला विमानच हवं असं नाही. गच्चीवरून घिरट्या घालणाऱ्या घारी पुरतात. कमी झूमवर घार फ्रेममध्ये पकडायची, मग झूम वाढवायचा आणि ती मधोमध ठेवत कॅमेरा फिरवायचा. हे दहापैकी सात वेळा जमू लागलं, की विमानही जमतं.

निघण्यापूर्वी आयोजकांच्या सूचना वाचाव्यात. एअर शो अनेकदा हवाई दलाच्या तळावर होतात. तिथे कोणत्या बॅगा चालतात आणि कुठे फोटो काढायला मनाई आहे, हे ठरलेलं असतं. ड्रोन तर नेऊच नये. आणि नऊ विमानं पहिल्यांदा डोक्यावरून गर्जत जातील, तेव्हा एक फेरी कॅमेरा खाली ठेवून नुसती पाहायला हरकत नाही. ती पुन्हा येतात.